स्टेंट: एका दंतवैद्याच्या आडनावापासून नांदेड-लातूरच्या दवाखान्यापर्यंत

१/
आमच्या नांदेड-लातूरकडे तीन वाक्ये आता घरोघरी ऐकू येतात. ‘आप्पांना जाळी बसवली.’ ‘काकूंच्या पित्ताच्या नळीत नळी टाकली.’ ‘भाऊला खड्याच्या ऑपरेशनानंतर डीजे घातलाय.’ पहिले वाक्य हृदयाच्या धमनीविषयी आहे, दुसरे पित्तनलिकेविषयी, तिसरे मूत्रवाहिनीविषयी. वस्तू मात्र मुळात एकच आहे, स्टेंट. आजचा धागा या वस्तूच्या इतिहासाचा. (तिसऱ्या वाक्यातील डीजेचा वरातीशी काहीही संबंध नाही. खुलासा पुढे येईलच.)

२/
स्टेंट म्हणजे शरीरातील अरुंद झालेली किंवा बुजलेली नळी आतून उघडी ठेवणारा आधार. विहीर खोदताना कडा ढासळू नये म्हणून आतून बांधकाम करतात, तसाच काहीसा. हा इतिहास सहसा धातूंचा आणि शोधकांचा म्हणून सांगितला जातो. साधने वाचत गेले की एक वेगळाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. नळी तर बनवता येते. ती अडथळ्याच्या जागी पोहोचवायची कशी? शरीर न फाडता, आणि पुढे गाव न विकता.

३/
आरंभ आपल्याकडच्या एका ग्रंथापासून करू. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रांची गणना आहे. त्यांचे सहा वर्ग असून त्यांतील एक वर्ग नाडीयंत्रांचा, म्हणजे पोकळ नळ्यांचा आहे. या नळ्या २० प्रकारच्या सांगितल्या आहेत. काही एका तोंडाच्या, काही दोन्ही तोंडांच्या. शरीरात रुतलेली वस्तू काढणे, आतील विकार पाहणे, द्रव शोषून घेणे ही त्यांची कामे.

४/
याच संहितेच्या चिकित्सास्थानात ‘निरुद्धप्रकश’ नावाच्या विकारावरील उपचार आहे. पुढची त्वचा आवळल्याने मूत्राची वाट अडते, तेव्हा लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची, दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी तुपाने माखून आत घालावी आणि दर तीन दिवसांनी तिच्या जागी अधिक जाड नळी घालावी, असे तेथे सांगितले आहे. तूप घर्षण कमी करण्यासाठी आणि वाढती जाडी वाट हळूहळू रुंदावण्यासाठी.

५/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक पथ्य पाळावे. ‘स्टेंटचा शोध आपल्याच पूर्वजांनी लावला’ हे वाक्य समाजमाध्यमांवर टाळ्या मिळवील, पण ते खरे नाही. सुश्रुताची नळी डोळ्यांना दिसणाऱ्या, बाहेरून हात पोहोचणाऱ्या मार्गासाठी होती. ग्रंथाचे मोठेपण वेगळ्या गोष्टीत आहे. आवळलेला मार्ग एका झटक्यात फाडण्यापेक्षा आधार देऊन हळूहळू उघडावा, हा विचार तेथे स्पष्टपणे नोंदवलेला आहे. जेथे हात पोहोचत नाही तेथे काय करावे, याचे उत्तर मिळायला विसावे शतक उजाडावे लागले.

६/
आता शब्दाकडे. ‘स्टेंट’ हे चक्क आडनाव आहे. चार्ल्स टॉमस स्टेंट (१८०७–१८८५) हे लंडनमधील दंतवैद्य. कवळी बनवण्यासाठी दातांचा ठसा घ्यावा लागे आणि त्यासाठी गटापर्चा हा झाडाचा चीक वापरत. तो थंड झाला की आकसे व ठसा बिघडे. स्टेंट यांनी १८५६च्या सुमारास त्यात स्टिअरीन व शंखजिऱ्यासारखे पदार्थ मिसळले, लाल रंग दिला आणि आकार टिकवून धरणारे मिश्रण तयार केले. ते ‘स्टेंटचे मिश्रण’ म्हणून बाजारात रुळले. हृदयाशी किंवा पित्ताशी या गृहस्थांचा काडीचाही संबंध नव्हता.

७/
पहिल्या महायुद्धात खंदकांतील स्फोटांनी हजारो सैनिकांचे चेहरे छिन्नविच्छिन्न झाले. योहानेस एसर या डच शल्यविशारदाने (हे १९१३चे नेदरलँड्सचे बुद्धिबळ विजेतेही होते) त्वचारोपण करताना नवी त्वचा जागेवर दाबून धरण्यासाठी स्टेंटचे मिश्रण साच्यासारखे वापरले. इंग्लंडमधील हॅरोल्ड गिलीज यांनी १९२०च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीची दखल घेतली. ऊतींना आकारात धरून ठेवणारी वस्तू ती स्टेंट, असा अर्थ येथून पक्का होत गेला.

८/
१९५४मध्ये अमेरिकेतील रेमाइन व ग्रिंडले यांनी कुत्र्यांच्या पित्तनलिकेवर प्रयोग करताना आत ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या नळीसाठी हा शब्द योजला. अशा रीतीने कवळीच्या दुकानातून निघालेला शब्द खंदकांमार्गे शरीराच्या आतील नळीपर्यंत आला. वस्तू अजून यायची होती. शब्द आधी पोहोचला आणि वस्तू मागाहून आली, अशी उदाहरणे इतिहासात फार थोडी.

९/
आता वाटेची गोष्ट. १९२९, जर्मनीतील एबर्सवाल्डे. व्हेर्नर फोर्समान या चोवीस-पंचवीस वर्षांच्या डॉक्टरने वरिष्ठांची मनाई डावलून स्वतःच्या दंडाची शीर उघडली, तीत नळी सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण विभागात छायाचित्र काढून घेतले. नळीचे टोक हृदयात दिसत होते. ही नळी हृदयासाठी बनलेलीच नव्हती. ती मूत्रवाहिनीत घालायची नळी होती. एका मार्गासाठी बनलेले साधन दुसऱ्या मार्गाने गेले आणि हृदय ‘पोहोचण्याजोगे’ ठरले. फोर्समान यांना १९५६चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

१०/
१९५३मध्ये स्वीडनच्या स्वेन-ईवार सेल्डिंगर यांनी एक अत्यंत साधी युक्ती प्रसिद्ध केली. आधी सुई टोचायची. सुईच्या पोकळीतून बारीक तार आत सरकवायची. सुई काढून घ्यायची, तार राहू द्यायची. मग त्या तारेवरून नळी ओवायची आणि शेवटी तार काढायची. शीर कापायची गरज संपली. आज धमनी असो वा पित्तनलिका, स्टेंट जवळजवळ नेहमी अशा तारेवरूनच आत जातो. पोत ओवणाऱ्या पटवेकराला हे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. आधी दोरा, मग मणी.

११/
१६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे ८२ वर्षांच्या एका वृद्धेच्या पायाची धमनी बुजली होती. पाय कापावा लागेल असे डॉक्टरांचे मत होते आणि तिने ठाम नकार दिला होता. क्ष-किरणतज्ज्ञ चार्ल्स डॉटर यांनी तारेवरून क्रमाक्रमाने जाड नळ्या सरकवून ती धमनी आतून रुंद केली. वाढत्या जाडीच्या नळ्यांची जुनीच कल्पना, पण या वेळी डोळ्याआड असलेल्या नळीत. ती वृद्धा पुढे स्वतःच्या पायांवर चालली. १९६९मध्ये डॉटर यांनी कुत्र्यांच्या धमन्यांत तारेची वेटोळी बसवल्याचे प्रसिद्ध केले. आपल्याकडे स्टेंटला आजही कित्येक जण ‘स्प्रिंग’ म्हणतात. त्या पहिल्या वेटोळ्यांना तो शब्द अगदी चपखल बसतो.

१२/
डॉटर यांच्या पद्धतीत नळी जेवढी जाड तेवढे बाहेरचे छिद्र मोठे. हा पेच आंद्रेआस ग्रुन्ट्झिग यांनी फुग्याने सोडवला. जाताना मिटलेला, पोहोचल्यावर फुगणारा आणि परतताना पुन्हा मिटणारा फुगा. त्याचे आरंभीचे नमुने त्यांनी झुरिकमधील घरच्या स्वयंपाकघरात तयार केले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे त्यांनी जागेपणी असलेल्या रुग्णाच्या हृदयधमनीत हा फुगा फुगवला. अँजिओप्लास्टीचा जन्म तो हा. आपल्याकडे १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. म्हणजे ही तारीख लक्षात ठेवायला आपल्याला सोपीच.

१३/
पण फुगा काढला की धमनीची भिंत कधी लगेच मिटे, तर कधी काही महिन्यांत पुन्हा अरुंद होई. सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांना हा अनुभव येत असे. वाट उघडता येऊ लागली होती, आता ती उघडी राहायला हवी होती. मूळचे अर्जेंटिनाचे हुलिओ पाल्माझ यांनी १९७८मध्ये ग्रुन्ट्झिग यांचे व्याख्यान ऐकले आणि त्यांच्या मनात आधाराची कल्पना घोळू लागली. गिलाव्याखाली ठोकतात तशी, चिरा देऊन ताणलेली पत्र्याची जाळी त्यांच्या पाहण्यात आली. मिटलेली असताना बारीक, ताणली की चौकटींची जाळी. तोच त्यांचा नमुना ठरला. पैसा सॅन अँटोनिओ येथील एका उपाहारगृह-व्यावसायिकाने पुरवला.

१४/
माणसाच्या हृदयधमनीत पहिला स्टेंट बसला तो मात्र फ्रान्समध्ये. २८ मार्च १९८६ रोजी तुलूझ येथे जॅक पुएल यांनी तो बसवला. त्याच वर्षी लोझान येथे उलरिख सिगवार्ट यांनीही तसेच रोपण केले. त्यांचा स्टेंट हान्स वॉलस्टेन यांच्या रचनेचा होता. पाल्माझ-शॅट्झ स्टेंटला हृदयधमन्यांसाठी अमेरिकेची सर्वसाधारण मान्यता मिळाली ती १९९४मध्ये.

१५/
या दोन नावांत स्टेंटच्या दोन घराण्यांचा भेद दडलेला आहे. पाल्माझचा स्टेंट फुग्यावर आवळून बसवलेला असतो. फुगा फुगला की जाळी पसरते आणि पसरलेलीच राहते. वॉलस्टेनचा स्टेंट मुळातच ताणाचा. तो बारीक आवरणात दाबून आत नेतात, जागेवर आवरण मागे ओढतात आणि जाळी आपोआप उमलते. पुढे या दुसऱ्या प्रकारासाठी निकेल व टायटॅनियमचा ‘निटिनॉल’ हा मिश्रधातू फार उपयोगी पडला. अमेरिकी नौदलाच्या शस्त्र-प्रयोगशाळेत त्याचे गुण उमगले होते. शरीराच्या उष्णतेत तो आपला ठरलेला आकार परत धारण करतो.

१६/
धातू आत गेला तरी प्रश्न संपले नाहीत. परक्या वस्तूवर रक्त साकळे आणि स्टेंटच बुजे. १९९०च्या दशकाच्या मध्यास मिलानचे अंतोनियो कोलंबो यांनी दाखवले की जाळी अधिक दाबाने भिंतीला नीट चिकटवली आणि रक्तातील बिंबिकांना आवर घालणारी दोन औषधे दिली, तर हा धोका पुष्कळ कमी होतो. म्हणजे स्टेंटइतक्याच त्यानंतरच्या गोळ्या महत्त्वाच्या. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याकडे पुन्हा यायचे आहे.

१७/
पुढची पायरी औषध सोडणाऱ्या स्टेंटची. १९६४मध्ये एका कॅनडियन मोहिमेने प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावरून मातीचे नमुने आणले. त्यांतील जीवाणूपासून माँट्रिअलमध्ये सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने व सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात ‘रॅपामायसिन’ वेगळे केले. कंपनीने काम गुंडाळले तेव्हा सेहगल यांनी त्या जीवाणूचे नमुने घरच्या फ्रीजरमध्ये जपले, असे सांगतात. हेच औषध स्टेंटवर लेपून २००३मध्ये अमेरिकेत बाजारात आले. धमनीच्या भिंतीत पेशींची फाजील वाढ ते रोखते.

१८/
आता ‘काकूंच्या नळी’कडे. यकृतातून आतड्याकडे जाणारी पित्तनलिका खड्याने, आक्रसल्याने किंवा स्वादुपिंडाच्या वा पित्तनलिकेच्या कर्करोगाने बुजली की पित्त तुंबते. डोळे पिवळे होतात, अंगाला खाज सुटते, ताप भरतो. आपल्याकडे काविळीवर झाडपाल्याचे औषध घेण्याचा प्रघात जुना आहे. विषाणूमुळे झालेली कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय झाडपाल्याला जाते. नळी बुजून झालेली कावीळ मात्र वाट मोकळी झाल्याखेरीज उतरत नाही. दोन्हींना मराठीत शब्द एकच असल्याने पुष्कळ वेळ वाया जातो, आणि कधी कधी तेवढ्याने रुग्णही हातचा जातो.

१९/
या नळीपर्यंत रक्तवाहिनीतून जाता येत नाही. वाट तोंडातून, अन्ननलिका व जठर ओलांडून लहान आतड्यातील एका बारीक छिद्रापर्यंत. १९६८मध्ये अमेरिकेत विल्यम मॅक्यून व सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून त्या छिद्रात नळी घातली. १९७४मध्ये जर्मनी व जपानमध्ये स्वतंत्रपणे ते छिद्र आतूनच रुंद करण्याची रीत निघाली. मग हँबर्गमध्ये, मूळचे इंडोनेशियाचे असलेल्या नीब सुहेन्द्र यांनी १९७९-८०च्या सुमारास दुर्बिणीतून प्लॅस्टिकचा स्टेंट पित्तनलिकेत बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पोट न उघडता कावीळ उतरवता येऊ लागली.

२०/
वाट वस्तूचा आकार कशी ठरवते, याचे उत्तम उदाहरण येथे आहे. प्लॅस्टिकची नळी मिटत नाही. म्हणून दुर्बिणीच्या आतील पोकळीतून मावेल तेवढीच जाड ती असू शकते, साधारण ३.३ मिलिमीटर. पित्तातील गाळ व जीवाणूंच्या थराने ती काही महिन्यांत बुजते आणि बहुधा तीनेक महिन्यांनी बदलावी लागते. धातूची जाळी बारीक होऊन जाते आणि आत १० मिलिमीटरपर्यंत उमलते. व्यास तिप्पट झाला तर, प्वाझय यांच्या नियमानुसार, कागदावरील गणितात प्रवाह ८१ पट होतो. ती जास्त टिकते, पण किंमतही तशीच. कोणती बसवायची, या निर्णयात रुग्णाचे उरलेले आयुष्य आणि खिसा या दोन्हींचा हिशेब असतो.

२१/
आणि आता डीजे. मूत्रपिंडातून मूत्राशयात येणारी मूत्रवाहिनी सतत आकुंचन पावते, त्यामुळे सरळ नळी आत ठिकाणावर राहत नाही. १९६७मध्ये पॉल झिमस्किंड व सहकाऱ्यांनी सिलिकॉनची नळी वापरली, पण ती सरके. १९७८मध्ये रॉय फिनी यांनी दोन्ही टोकांना इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा बाक दिलेली नळी वर्णिली. तारेवरून जाताना ती सरळ असते. तार काढली की वरचे टोक मूत्रपिंडात व खालचे मूत्राशयात वळते आणि नळी अडकून राहते. दोन ‘जे’, म्हणून डबल-जे, म्हणून डीजे. मुतखड्याच्या उपचारात ही नळी आता सर्रास वापरली जाते.

२२/
येथवर शरीराच्या आतली वाट झाली. आता शरीराबाहेरची. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. मनमाडहून नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९००-०१च्या सुमारास सुरू झाला. कोर्ट, शिक्षण, मोठे दवाखाने, सारे हैदराबादेत. राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी नांदेड, देगलूर, उदगीरकडच्या माणसाच्या तोंडी ‘आता हैदराबादला न्या’ हे वाक्य आजही सहज येते. लातूरकर सोलापूर किंवा पुण्याचाही विचार करतो. रुग्णाची वाट पुष्कळदा जुन्या राज्याच्या नकाशावरून जाते.

२३/
म्हणून भारतीय स्टेंटच्या कथेतील हैदराबादचा अध्याय आपल्यालाही जवळचा आहे. १९९०च्या दशकात तेथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बी. सोमा राजू आणि तेव्हा संरक्षण संशोधनात असलेले डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी मिळून कमी खर्चाचा हृदयधमनी-स्टेंट विकसित केला. तो ‘कलाम-राजू स्टेंट’ म्हणून ओळखला गेला. क्षेपणास्त्रांसाठी कमावलेले धातुज्ञान त्यात उपयोगी पडले. पुढे औषधलेपित स्टेंट आले आणि तो मागे पडला. पण परदेशी वस्तूची किंमत हे नशीब नाही, ती प्रश्न विचारण्याजोगी गोष्ट आहे, हे त्याने दाखवून दिले.

२४/
मराठवाड्यातही संस्था उभ्या राहत होत्या. लातूरचे विवेकानंद रुग्णालय डॉ. अशोक कुकडे व सहकाऱ्यांनी १९६६मध्ये सुरू केले. अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय १९७४चे, नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८चे, लातूरचे २००२चे. या तारखा रुक्ष वाटतात. डॉटर यांनी ती धमनी उघडली तेव्हा यांतील एकही संस्था अस्तित्वात नव्हती, एवढे ध्यानात घेतले की त्यांचा अर्थ उलगडतो.

२५/
प्रश्न पैशाचाही होता. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राच्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत नांदेड होता. लातूरसह उरलेल्या जिल्ह्यांत ती नोव्हेंबर २०१३मध्ये आली. पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, त्यांत स्टेंटसह अँजिओप्लास्टीही. पुढे शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेचे शेतकरीही तीत आले. या १४ जिल्ह्यांत नांदेड व लातूर दोन्ही आहेत. २०१७मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले.

२६/
ज्याच्या हाती योजना नव्हती त्याच्यासाठी दुसरी तारीख महत्त्वाची, १३ फेब्रुवारी २०१७. राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने हृदयधमनीच्या स्टेंटवर किंमतमर्यादा घातली. साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटला २९,६०० रुपये, कर वेगळे. त्याआधी सरासरी छापील किंमत अनुक्रमे सुमारे ४५ हजार व १ लाख २१ हजार रुपये असल्याचे सरकारने सांगितले होते. वस्तू तीच, धातू तोच. फरक मधल्या हातांचा होता. हा प्रश्न न्यायालयात नेला तो बिरेंदर सांगवान या वकिलाने, जनहित याचिकेद्वारे. मात्र त्या आदेशाच्या कक्षेत फक्त हृदयधमनीचे स्टेंट होते. पित्ताची जाळी आणि डीजे त्याबाहेर राहिले.

२७/
एप्रिल २०१६मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आले, ते आठवून पाहा. मिरजेहून निघालेल्या पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पाणी कृष्णाकाठी होते, तहान मांजराकाठी. प्रश्न मधल्या वाटेचा होता. स्टेंटचेही असेच आहे. हृदयविकाराच्या झटक्यात हिशेब तासा-मिनिटांचा असतो. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरहून दूर आहे. रस्ता, रुग्णवाहिका, रात्री उघडी असलेली कॅथलॅब आणि तिच्यात जागा असलेला डॉक्टर, हे सगळे त्या तारेचेच बाहेरचे टोक आहे. ते तुटले, तर आतली जाळी कितीही सुबक असो, उपयोग शून्य.

२८/
पित्तनलिकेचा हिशेब आठवड्यांचा आणि डीजेचा महिन्यांचा. धोकाही म्हणून वेगळा आहे, विसरण्याचा. डीजे ही तात्पुरती नळी. ती डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीत काढावी किंवा बदलावीच लागते. वेदना थांबलेल्या असतात, हंगाम सुरू होतो, ऊसतोडीची टोळी निघून जाते, नळी आतच राहते. हळूहळू तिच्यावर खड्याचे थर चढतात, ती तुटू शकते आणि मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत वेळ येते. मूत्ररोगशास्त्रात ‘विसरलेला स्टेंट’ ही एक स्वतंत्र समस्या म्हणून नोंदली गेली आहे. जी वस्तू वाट उघडायला गेली, तीच वाट अडवून बसते.

२९/
हृदयाच्या जाळीत विस्मरण वेगळ्या रूपाने येते. सहा महिन्यांनी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या बंद होतात, किंवा तालुक्याला जायला गाडीभाडे नसते म्हणून संपलेल्या गोळ्या पुन्हा आणल्या जात नाहीत. कोलंबो यांचा धडा येथे गावात येऊन ठेपतो. जाळी बसवण्याची शस्त्रक्रिया तासाभरात होते, तिचे उपचार मात्र पुढे महिनोन्महिने, काही गोळ्यांच्या बाबतीत जन्मभर चालतात. योजनांचे फलक पहिल्या भागाविषयी बोलतात, दुसऱ्या भागाची जबाबदारी बहुधा घरातल्या सुनेवर किंवा शाळकरी नातवावर पडते.

३०/
या इतिहासात एकही शोध एकट्याने पुरेसा ठरला नाही. स्टेंट यांचे मिश्रण, फोर्समान यांचे धाडस, सेल्डिंगर यांची तार, ग्रुन्ट्झिग यांचा फुगा, पाल्माझ यांची जाळी, सेहगल यांनी फ्रीजरमध्ये जपलेले नमुने, सांगवान यांची याचिका. प्रत्येकाने वाटेचा एकेक तुकडा जोडला. आपल्या दोन जिल्ह्यांतला तुकडा अजून पूर्ण व्हायचा आहे, आणि तो जोडण्याचे काम शास्त्रज्ञांइतकेच प्रशासनाचे व आपलेही आहे.

३१/
म्हणून शेवटी इतिहासाच्या मित्रांना एक काम. आपण ताम्रपट आणि मोडी कागद शोधत हिंडतो. घरातल्या कपाटात पडलेले डिस्चार्ज कार्डही एक साधनच आहे. त्यावर स्टेंटचा प्रकार असतो, तारीख असते, दवाखान्याचे गाव असते. आजोबा कोणत्या साली, कोणत्या वाटेने, किती कर्ज काढून हैदराबादला गेले, ते विचारा आणि लिहून ठेवा. मराठवाड्याच्या आरोग्याचा इतिहास या कागदांतूनच लिहिला जाईल.

३२/
आणि ते कार्ड हाती आलेच आहे, तर त्यावरील तारीख नीट वाचा. ‘डीजे काढण्यासाठी पुन्हा यावे’ किंवा पित्तनलिकेचा स्टेंट बदलण्यासाठी अमुक दिवशी यावे, असे लिहिले असेल आणि तो दिवस उलटून गेला असेल, तर लेख नंतर लिहा. आधी त्या माणसाला दवाखान्यात घेऊन जा.

(धागा समाप्त. उपयोगी वाटल्यास घरच्या व्हॉट्सअॅप गटातही पाठवा.)